कोठून कोठपर्यंत : पुण्याच्या शिंपीकामातील मापांचा इतिहास

लक्ष्मी रस्त्यावरील तयार कपड्यांच्या कोणत्याही मोठ्या दुकानात शर्टाच्या कॉलरवर छापलेला ४० हा आकडा गळ्याचा घेर सेंटिमीटरांत सांगतो. त्याच दुकानातील झब्ब्यावरचा ४० हा आकडा छातीचा घेर इंचांत सांगतो. विजारीवरचा ३४ हा कमरेचा म्हणवतो, परंतु ती विजार खऱ्या कमरेच्या किती खाली बसावयाची हे मनात धरूनच तिच्या पट्ट्याची लांबी ठरविलेली असते. आणि लहान मुलींच्या फ्रॉकावरचा वीस किंवा बावीस हा आकडा बहुधा खांद्यापासून खालच्या काठापर्यंतच्या उंचीचा असतो. गिऱ्हाईक हे सारे आकडे एकाच जातीचे समजते, आणि कपडा अंगाला बसला नाही की आपल्या अंगातच काही उणे आहे असे मानून खालमानेने दुकानाबाहेर पडते. या गोंधळाचा दोष आपण आजच्या कारखानदारीच्या माथी मारतो. परंतु तो कारखान्यांहून जुना आहे, आणि पुण्यासारख्या शहरात, जेथे न शिवलेले वस्त्र, बंदांचे वस्त्र, गुंड्यांचे वस्त्र आणि छापील आकड्याचे वस्त्र ही चारही युगे एकापाठोपाठ एकाच पेठेतून गेली, तेथे तो कसा उत्पन्न झाला हे विशेष स्पष्टपणे पाहता येते. शरीराचे माप हा मोजणारा आणि बेतणारा यांच्यामधील एक ठराव असतो. ज्या काळी मोजणारा आणि बेतणारा एकच होता त्या काळी तो ठराव त्याच्या मनात राहिला तरी कोणाचे बिघडत नव्हते, आणि ज्या दिवशी ही दोन कामे दोन माणसांकडे गेली त्या दिवसापासून न लिहिलेल्या ठरावाची किंमत आपण मोजत आलो आहोत.

आपल्याकडील जुनी वहिवाट शरीराने जग मोजण्याची. खुद्द शरीर मोजण्याचा प्रसंग वैद्य आणि मूर्तिकार यांच्याखेरीज फारसा कोणावर येत नसे. कौटिल्याने अर्थशास्त्रात अंगुळाची व्याख्या दोन प्रकारे दिली आहे : आठ यवांच्या मध्यांइतके एक अंगुळ, किंवा मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मधल्या भागाची रुंदी तेवढे एक अंगुळ, अशा बारा अंगुळांची वीत आणि चोवीस अंगुळांचा हात. हा मध्यम बांध्याचा पुरुष कोठे शोधावा, हा प्रश्न तेव्हाही होताच, आणि वैद्यकाने त्याला फार सुंदर उत्तर दिले : ज्याचे शरीर त्याचेच अंगुळ, म्हणजे रोग्याच्या अंगाची मापे रोग्याच्याच बोटाने घ्यावयाची. परंतु एकक इतके चोख असूनही चरकसंहितेत पुरुषाची उंची ८४ अंगुळे आणि सुश्रुतसंहितेत १२० अंगुळे सांगितली आहे. या छत्तीस अंगुळांच्या तफावतीची संगती लावताना सुश्रुताची उंची हात वर केलेल्या माणसाची असावी असे काही अभ्यासक मानतात. ते मानले तर चूक कोणाचीच नाही; दोघांनी निराळ्या ठिकाणांमध्ये अंतर मोजले, आणि ती ठिकाणे आकड्याइतकी ठळक राहिली नाहीत, एवढेच घडले. पुढे शिंप्याच्या दुकानात जे शेकडो वेळा घडले त्याचे हे फार जुने उदाहरण आहे.

पेशवाईतील पुण्याच्या वस्त्रव्यवहारात शरीराच्या मापाला मोठे स्थान नव्हते. धोतर, उपरणे, शेला, पागोटे, लुगडे ही सर्व हातांनी आणि पुढे वारांनी मोजली जाणारी वस्त्रे. त्यांचा पन्हा आणि लांबी मागावर ठरे, आणि नेसण्याच्या कौशल्याने ती कोणत्याही अंगाला बसत. दरबारातून मिळणारा पोशाख हाही प्रायः सनगांच्या गणतीने नोंदला जाई. मंदील, शेला, किनखाबाचे ठाण अशी सनगे किती व कोणत्या प्रतीची, यावर मानाची पायरी ठरे, त्या मानकऱ्याची छाती किती यावर नव्हे. शिंपी मात्र गावगाड्यात होता. अलुतेदारांच्या अनेक याद्यांत त्याचे नाव येते, आणि नामदेवांसारख्या संताने तर हा व्यवसाय सबंध हिंदुस्थानात पूज्य करून ठेवला आहे. गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या रचनांत गज आणि कात्री या दोन हत्यारांचे रूपक आले आहे, आणि त्यात शरीर मोजण्याचे साधन नाही, कापड मोजण्याचेच आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बुधवार पेठेत ज्याचे नाव पोलीस चौकीच्या रूपाने अद्याप टिकून आहे त्या फरासखान्याचा कारभार तंबू, कनाती आणि बिछायतींचा. तेथल्या शिवणकामाला लागणारी मापे मोकळ्या मैदानाची होती.

शिवलेली वस्त्रे नव्हती असे नाही. अंगरखा होता, बाराबंदी होती, स्त्रियांची चोळी होती. परंतु या तिन्हींची रचना नीट पाहिली म्हणजे त्या काळच्या कारागिरांची बुद्धी किती प्रगल्भ होती हे कळते. बाराबंदीचे बंद माणूस जेवणानंतर सैल करू शकतो आणि आजारातून उठल्यावर आवळू शकतो. अंगरख्याचा एक पदर दुसऱ्यावर चार बोटे अधिक जातो किंवा चार बोटे कमी. चोळीची गाठ पुढे बसत असल्यामुळे खणाच्या कापडात बेतलेली एकच चोळी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर त्याच बाईला चालते. शरीराच्या मापातील सगळी अनिश्चितता या वस्त्रांनी बंदांत आणि गाठीत साठवून घेतली होती. ज्या वस्त्राला माप चुकण्याची मुभा आहे त्या वस्त्राच्या शिंप्याला कंबर नेमकी कोठे सुरू होते हा प्रश्न पडत नाही. गजाचेही तसेच : एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कोष्टकांत मुंबईचा गज चोवीस तसूंचा म्हणजे २७ इंचांचा, मद्रासचा ३३ इंचांचा आणि बंगालचा ३६ इंचांचा दिलेला आहे; एवढा फरक व्यापाऱ्याला जाचक झाला असेल, परंतु स्वतःच्याच गजाने मोजून स्वतःच्याच कात्रीने कापणाऱ्या शिंप्याला तो कधीच नडला नाही.

हा निर्वेध कारभार मोडला तो गुंडी आणि काज यांनी. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई होऊन पुण्याच्या पूर्वेस लष्कराची छावणी वसली, आणि तिच्याबरोबर अंगाला चिकटून बसणारा गणवेश, कॉलर, खांद्याची शिवण आणि छातीवरून सरळ खाली येणारी गुंड्यांची ओळ ही सगळी परकी शिस्त या शहरात आली. गुंडीला गाठीसारखी तडजोड ठाऊक नाही. काज जेथे पाडले तेथेच ती बसणार. लष्कर भागात शिंपी आळी हे नाव आजतागायत टिकले आहे, आणि साहेबांच्या बंगल्यांच्या व्हरांड्यात बसून काम करणाऱ्या दर्ज्यांची पद्धत त्या काळच्या सर्वच छावण्यांत होती. या दर्ज्याला बहुधा माप दिले जात नसे, जुना कोट किंवा जुना झगा दिला जाई. तो उसवून किंवा न उसवता, नुसता पसरून, त्याच्या कडांवरून तो नवा बेतत असे. यात त्याचे अज्ञान पाहणाऱ्या साहेबांनी त्याची बरीच थट्टा करून ठेवली आहे. मला ती थट्टा अन्यायाची वाटते. कारण अंगावर बसलेला कपडा हा अंगाचा सर्वांत विश्वसनीय दाखला आहे, त्यात किती ढिलाई आणि किती माया हे सर्व आलेले असते, आणि टेपने घेतलेल्या दहा आकड्यांतून जे निसटते ते त्यात निसटत नाही.

खुद्द युरोपातही टेप फार जुना नाही. अठराव्या शतकात तेथील शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक लांब पट्टी ठेवी आणि छाती, पाठ, बाही यांच्या जागी तिला खाचा पाडी. त्या पट्टीवर आकडा नव्हता, म्हणून ती दुसऱ्या शिंप्याच्या उपयोगाची नव्हती, आणि म्हणूनच तिच्याबद्दल वादही नव्हता. इंच आखलेली फीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सर्रास झाली, आणि लागलीच माप अंगापासून सुटून वहीत, पुस्तकात, टपालात प्रवास करू लागले. मग छातीच्या एका मापावरून इतर सर्व मापे अपूर्णांकांनी काढण्याच्या पद्धती निघाल्या. १८४६ साली हाउ आणि १८५१ साली सिंगर यांनी शिवणयंत्राचे एकस्व मिळविले. आणि १८६३ साली अमेरिकेत बटरिक या शिंप्याने निरनिराळ्या आकारांचे कागदी नमुने विकावयास काढले. ज्याने कापड बेतले त्याने ज्याचे अंग कधी पाहिले नाही अशा माणसाच्या अंगावर कपडा बसावा, ही अपेक्षा येथून सुरू झाली.

पुण्याच्या पेठांतील शिंप्याने या नव्या युगाशी आपला समझोता करून घेतला तो फार शहाणपणाचा होता. त्याने टेप घेतला, पण मापाचा कपडा सोडला नाही. आजही सदाशिव किंवा नारायण पेठेतील बाई ब्लाउज शिवावयास टाकते तेव्हा कापडाच्या पिशवीत जुना, नीट बसणारा ब्लाउज मापाला म्हणून घालते, आणि वर तोंडी सांगते की बाही अर्धा इंच वाढवा, मुंढा थोडा सैल ठेवा, मागचा गळा एक बोट खाली घ्या. या व्यवहारात तीन निरनिराळी मापे एकत्र नांदतात : जुन्या ब्लाउजचे तयार माप, वहीत लिहिलेले अंगाचे माप, आणि बाईच्या मनातील सुखाचे माप. तयार माप अंगाच्या मापाहून ढिलाईइतके मोठे असते. वहीतला आकडा यांपैकी कोणता, हे वहीत लिहिलेले नसते. पट्टीला दोरा बांधून टांगलेल्या त्या लांबट वहीत नाव, तारीख, कापडाचा कातरलेला तुकडा आणि त्याच्याखाली उंची, छाती, कंबर, तिरा, बाही, मुंढा, मोहरी, गळा अशा क्रमाने नुसते आकडे असतात, कित्येकदा तर आकड्यांच्या आधी नावेही नसतात, कारण क्रम हाच त्यांचा अर्थ असतो. त्या दुकानातला कारागीर दुसऱ्या दुकानात गेला, किंवा धनी आजारी पडून मुलाने कात्री हातात घेतली, की तीच वही बघता बघता मुकी होते.

ती मुकी का होते हे समजण्यासाठी प्रत्येक मापापाशी थोडे थांबले पाहिजे. छाती घ्या. टेप काखेखालून नेऊन सर्वांत भरलेल्या भागावरून फिरवावा, एवढे सर्वांना मान्य आहे. परंतु तो सदऱ्यावरून घ्यावा की गंजिफ्रॉकावरून, टेपखाली दोन बोटे घालावीत की चार, पाठीकडून तो आडवा सरळ राहावा की खांद्याच्या फऱ्यांवर चढावा, आणि श्वास आत असताना वाचावा की बाहेर सोडल्यावर, यांवर दुकानागणिक मत बदलते. महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर आणि फुगवून तीहून ५ सेंटिमीटर अधिक असावी लागते. भूदलाच्या शिपाईभरतीत हाच आकडा दीर्घकाळ ७७ आणि ५ असा राहिला आहे. म्हणजे शिवाजीनगरच्या मैदानावर ज्या तरुणाच्या छातीची एका सकाळी दोन मापे कागदावर चढली, तोच संध्याकाळी गणवेशासाठी शिंप्याकडे गेला तर तिसरे माप होईल, आणि ही तिन्ही मापे खरी असतील. सरकारी खात्याने निदान छाती फुगवलेली की न फुगवलेली हे शब्दांत लिहून ठेवले, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे; शिंपीकामात इतकाही खुलासा कोणी केला नाही.

तिरा म्हणजे एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंतचे अंतर. पण खांद्याचे टोक हे हाडाचे, की जेथे बाहीची शिवण शोभून दिसते तेथले, आणि टेप पाठीवरून सरळ न्यावयाचा की मानेच्या मणक्यापर्यंत चढवून पुन्हा उतरवावयाचा? दोहोंत अर्ध्यापाऊण इंचाचा फरक सहज पडतो, आणि तेवढा फरक झब्ब्याला चालतो पण कोटाला मुळीच चालत नाही. शर्टाची उंची काही शिंपी मानेलगतच्या खांद्यावरून पुढून खाली घेतात, काही मानेच्या मणक्यापासून पाठीवरून. ब्लाउजला हाच प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण पुढून घेतलेली उंची छातीच्या उभारावरून येते आणि मागून घेतलेली सपाट पाठीवरून, आणि टक्स कोठे संपवावयाचे ते याच मापावर अवलंबून असते. बाहीची कथा तर समुद्रापलीकडे पोचलेली आहे. आपल्याकडे बाही खांद्याच्या शिवणीपासून मनगटापर्यंत, म्हणजे सामान्य उंचीच्या पुरुषाची तेवीस-चोवीस इंच. इंग्रजी आणि अमेरिकन शर्टांच्या आकड्यांत ती मानेच्या मध्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंत, म्हणून त्याच पुरुषाची बत्तीस-तेहतीस. परदेशी गेलेल्या मुलाने तेथल्या शर्टावरचा आकडा कळवावा आणि येथल्या आईने तो शिंप्याला द्यावा, तर त्या बाहीत दोन हात मावतील. विजारीत आसनाची खोली काही जण मापून घेतात, काही जण बाहेरच्या लांबीतून पायाची आतली लांबी वजा करून काढतात, आणि काही जण सीटच्या मापाचा अपूर्णांक धरून मोकळे होतात.

या तोंडी शास्त्राला लेखी रूप देण्याचा यत्न महाराष्ट्रात झाला तो स्त्रीशिक्षणाच्या चळवळीबरोबर, आणि त्याबद्दल पुण्याला सार्थ अभिमान वाटला पाहिजे. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन काढले तेव्हा शिवण हा तेथील औद्योगिक शिक्षणाचा भाग होता. विधवेला, परित्यक्तेला, अर्ध्या शाळेतून उठलेल्या मुलीला स्वतःच्या बळावर चार पैसे मिळावेत, या ध्येयाने शिकविलेली ती विद्या होती. याच सुमारास चोळीच्या जागी गुंड्यांचे पोलके, मग जंपर आणि ब्लाउज आले, म्हणजे पुण्याच्या मध्यमवर्गीय स्त्रीच्या अंगावरचे वस्त्रही गाठीच्या राज्यातून काजाच्या राज्यात गेले. १९३० साली किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक निघाले. स्त्रियांसाठी लिहिलेल्या मराठी मजकुराचा ओघ वाढला. आणि पेठापेठांच्या वाड्यांतून शिवणवर्ग चालू झाले, ज्यांत खाकी कागदावर आकृती आखावयाची, तिच्या बिंदूंना शून्य, एक, दोन असे क्रमांक द्यावयाचे आणि प्रत्येक अंतर छातीच्या किंवा सीटच्या अपूर्णांकात काढावयाचे, ही पद्धत रूढ झाली. मुंबईच्या दादर भागातील के. आर. झारापकर यांच्या कर्तनपद्धतीचे पुस्तक आणि त्यांचे विद्यालय यांनी या विद्येला सबंध महाराष्ट्रात जी शिस्त लावली, तिचे ऋण मोठे आहे. कारागिराच्या बोटांत असलेले ज्ञान त्यांनी गणिताच्या भाषेत उतरविले आणि ज्यांच्या घराण्यात कधी सुई नव्हती त्यांच्यासाठी ते खुले केले.

परंतु सूत्रांची स्वतःची एक अडचण आहे. ब्लाउजच्या मुंढ्याची खोली छातीचा चौथा भाग वजा एक इंच धरावी, असे एका वर्गात शिकविले. दुसऱ्या वर्गात छातीचा सहावा भाग अधिक दीड इंच असे शिकविले. छाती ३० इंच असेल तर दोन्ही सूत्रे साडेसहा इंच हेच उत्तर देतात, आणि ज्या सडपातळ मुलीवर वर्गात माप घेतले जाते तिच्या अंगावर दोन्ही ब्लाउज सारखेच बसतात. तीच सूत्रे ४२ इंच छातीला लावली म्हणजे पहिले साडेनऊ सांगते आणि दुसरे साडेआठ. एक इंचाचा हा फरक काखेत काचतो किंवा काखेखाली चुणी पाडतो, आणि ती प्रौढ बाई म्हणते की शिंप्याने माप चुकीचे घेतले. माप चुकले नव्हते. छाती वाढली म्हणजे काखेची खोलीही त्याच प्रमाणात वाढते, हे सूत्राने गृहीत धरले होते. वाढत्या वयाच्या अंगात मेद कोठे साठतो हे छातीचा आकडा सांगत नाही, आणि सूत्राला त्या आकड्याखेरीज दुसरे काही विचारता येत नाही. अनुभवी कारागीर असे अंग पाहिले की सूत्र बाजूला ठेवून मुंढा वेगळा मापतो. नवशिका मात्र पुस्तकाशी प्रामाणिक राहतो आणि बोल खातो.

शरीर मोजण्याचे दुसरे एक शास्त्र याच पुण्यात, पेठांपासून तासाभराच्या वाटेवर, अत्यंत काटेकोरपणे चालले होते. इरावती कर्वे बर्लिनमध्ये मानवशास्त्राचे शिक्षण घेऊन आल्या आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात त्यांनी संशोधन केले, वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला महाराष्ट्राच्या मानवमितीवरील ग्रंथ १९५१ साली त्या संस्थेने प्रसिद्ध केला. मानवशास्त्राने आपल्या मापांची भांडणे फार आधी ओळखली होती. १८८४ साली फ्रांकफुर्ट येथे कवटी कोणत्या आडव्या पातळीत धरून मोजावी यावर एकमत झाले. १९०६ साली मोनाको येथे डोके व चेहरा यांच्या आणि १९१२ साली जिनिव्हा येथे जिवंत माणसाच्या इतर शरीरमापांच्या व्याख्या आंतरराष्ट्रीय ठरावाने मुक्रर झाल्या. तरीही संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांना ब्रिटिश अधिकारी रिस्ले यांच्या एकोणिसाव्या शतकातील मोजण्यांतील विसंगतींचा १९३३ साली पुनर्विचार करावा लागला. विद्वानांनी नाकाच्या लांबीसाठी दोन परिषदा भरविल्या आणि ज्या कमरेवर कोट्यवधी माणसांची विजार टिकावयाची तिच्यासाठी कोणी कारागिरांना एकत्र बोलावले नाही, याचे मला दुःख वाटते. कारण दोघांचा प्रश्न एकच होता, फक्त एकाच्या हाती विद्यापीठ होते आणि दुसऱ्याच्या हाती कात्री.

कमरेचा हा प्रश्न किती गहन आहे याचा प्रत्यय पुढे पुण्याच्याच एका रुग्णालयातील कामाने आणून दिला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने दाखविले की पुण्याच्या परिसरातील अर्भकाचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या अर्भकाचे ३.५ किलो, तरी त्या लहान देहातही त्वचेखालचा मेद तुलनेने राखलेला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे छापली : उंची आणि वजन यांच्या प्रमाणाचा दोघांचा निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक हातपायांचा पण मध्यभागी मेद असलेला हा देह परदेशी कोष्टकावरून काढलेल्या शर्टात का बसत नाही, हे पुण्याच्या शिंप्याला त्या लेखाच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होते. म्हणूनच त्याच्या वहीत छाती आणि कंबर यांच्याखेरीज पोट असे एक स्वतंत्र माप असते. वैद्यकातही कंबर मोजण्याच्या जागेवर एकमत नाही : जागतिक आरोग्य संघटना शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर टेप ठेवावयास सांगते, आणि अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांची मार्गदर्शिका तो हाडाच्या कडेलगत ठेवावयास सांगते. शिंप्याची कंबर बेंबीवर, सर्वांत बारीक भागावर, किंवा गिऱ्हाईक जेथे नाडी बांधते तेथे.

स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली आणि १९६२ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने सर्व व्यवहारांत लागू झाली. रविवार पेठेच्या कापडगंजात वार जाऊन मीटर आला. शिंप्याच्या मनातील इंच मात्र तसाच राहिला, कारण पाव आणि अर्धा यांनी अंगाचे भाग पाडण्याची सवय दशांशाने मोडत नाही. टेपच्या एका बाजूस १५० सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूस ६० इंच आखलेले असतात. हे दोन्ही आकडे समान नव्हेत, ६० इंच म्हणजे १५२.४ सेंटिमीटर होतात. कापड मीटरांत घ्यावयाचे, बेतावयाचे इंचांत, आणि शर्टाची कॉलर पुन्हा सेंटिमीटरांत वाचावयाची, ही तिहेरी वहिवाट त्या काळापासूनची आहे. याच संक्रमणात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरांबरोबर त्यांचे कागदपत्रही वाहून गेले. एखाद्या दुकानाची तीसचाळीस वर्षांची मापे एका सकाळीत नाहीशी होणे, ही त्या आपत्तीतील हानी कोणत्याही सरकारी यादीत येणे शक्य नव्हते.

तयार कपड्यांचा उद्योग वाढला तेव्हा त्याने आकडे घेतले ते बहुतांशी बाहेरच्या कोष्टकांवरून. ती कोष्टकेही निर्दोष नव्हती. अमेरिकेत १९३९-४० साली सुमारे पंधरा हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेऊन एक प्रचंड पाहणी झाली, तिच्यावरून १९५८ साली व्यापारी मानक निघाले आणि १९८३ साली ते मागे घेतले गेले. त्या पाहणीचे टिकाऊ फळ म्हणजे प्रत्येक माप अंगावरच्या कोणत्या खुणेपासून कोणत्या खुणेपर्यंत घ्यावे याचे लेखी नियम. १९८९ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने कपड्यांसाठीच्या शरीरमापांच्या व्याख्यांचे स्वतंत्र मानक काढले, म्हणजे मानवशास्त्राच्या जिनिव्हा ठरावानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. भारतात राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेमार्फत सहा शहरांतील २५,००० स्त्रीपुरुषांची त्रिमितीय यंत्राने मापे घेऊन भारतीय आकारकोष्टक तयार करण्याचा प्रकल्प २०१८ साली जाहीर झाला. कोलकाता, मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग ही ती शहरे. पुणे त्यांत नाही. मुंबईतील अंगांवरून पुण्याच्या अंगांचा अंदाज बांधता येईल, हे मला मान्य आहे; परंतु जे शहर शरीरमापनाचे ग्रंथ छापत आले आणि ज्याच्या रुग्णालयाने भारतीय देहाची घडण जगाला दाखविली, त्याने या कामी स्वतःहून काही करू नये हे योग्य नव्हे.

करता येण्याजोगे काम मोठ्या खर्चाचे नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून घराण्याघराण्यांची दप्तरे मिळवून जतन केली. शिंप्याची मापवही हेही एका व्यवसायाचे आणि एका शहराच्या देहाचे दप्तर आहे, आणि दुकान बंद होताना ते रद्दीत जाते. शिवणवर्ग चालविणाऱ्या एखाद्या संस्थेने पेठांतल्या जुन्या कारागिरांकडे जावे, ज्यांची तयारी असेल त्यांच्याकडून जुन्या वह्या मागून घ्याव्यात, गिऱ्हाइकांची नावे झाकावीत, आणि वही घेण्याआधी त्या कारागिराला एका माणसाची सगळी मापे आपल्या समोर घ्यावयास सांगावे. तो टेप जेथे ठेवील तेथे गंजिफ्रॉकावर खडूने खूण करावी. टेपखाली त्याची किती बोटे गेली ते लिहावे. श्वास, उभे राहण्याची रीत, अंगावरचा कपडा यांची नोंद करावी. मग त्याच माणसाची मापे दुसऱ्या पेठेतील दुसऱ्या कारागिराकडून घ्यावीत आणि दोन्ही खुणांमधील अंतर मोजावे. तिरा, मुंढा, आसन, पोट, मोहरी या प्रत्येक शब्दापुढे त्या दोघांनी दिलेली व्याख्या त्यांच्याच बोलीत उतरवून घेतली, आणि ती वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवली, म्हणजे आतले हजारो आकडे पुढच्या शिंप्याला आणि पुढच्या संशोधकाला वाचता येतील.